मयताची साक्ष

विलास गुरव वर्गात डोळे मिटून बसायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, तळोज्याच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून आलेला माणूस, झोप लागली असेल. सर एक निकाल वाचून दाखवत होते. डोळे न उघडताच तो म्हणाला, "सर, या बाईचं पुढे काय झालं?"

"कुठली बाई?"

"जिचा दावा फेटाळला ती."

"ते अभ्यासक्रमात नाही, गुरव."

वर्ग हसला. तो हसला नाही. डोळे उघडून खिडकीकडे बघत राहिला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पनवेलचं आमचं लॉ कॉलेज सकाळी एका शाळेच्या वरच्या मजल्यावर भरायचं. थंडीत धुकं आणि तळोज्याचा तो आंबूस वास मिळूनच वर्गात येत. त्या वर्षी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून विलास निवडून आला आणि मुलींची प्रतिनिधी म्हणून मी. मी नवीन पनवेलच्या नोकरदार घरातली. तो वसतिगृहात वाढलेला. आईवडील कधी गेले हेही त्याला आठवत नव्हतं. आम्ही एकमेकांना अहोजाहो करायचो. तो मला 'जोशीबाई' म्हणायचा.

"जोशीबाई, आपण उत्तरपत्रिकेचे वकील होणार," तो म्हणायचा. "खरा पक्षकार समोर आला की घाम फुटेल."

विद्यापीठाची समिती कॉलेज बघायला येणार होती. प्राचार्यांना तिच्यापुढे पंख्यांची आणि ग्रंथालयाची मागणी मांडायची होती. विलासचं म्हणणं वेगळं होतं. वर्गात टिपणं उतरवून देणं बंद करा, पहिल्या वर्षापासून मुलांना कोर्टात बसवा, दर शनिवारी गावात मोफत सल्ल्याचं केंद्र चालवा. आणि अभिरूप न्यायालयात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या कोर्टात, पुस्तकातले लंडन-कलकत्त्याचे खटले नकोत; आसपास घडलेलं प्रकरण घ्या, मराठीत चालवा आणि ज्यांचं ते आहे त्यांना समोर बसवा.

"आणि मयतालाही पिंजऱ्यात उभं करा," तो म्हणाला. "सगळे त्याच्याबद्दल बोलतात. त्याला कुणी विचारतं का?"

प्राचार्य म्हणाले, "एकदाच करून दाखवा. समितीसमोर."

प्रकरण त्यानंच निवडलं. जवळच्या कोन गावातल्या हिराबाईंचा मुलगा दामा एका कारखान्यात टाकी साफ करताना वायूनं गुदमरून मेला होता. तोंडावरचा मास्क त्यानं स्वतःच काढला, चूक त्याचीच, असा चौकशीचा निष्कर्ष होता. हिराबाई भेटेल त्याला एकच सांगायच्या, "माजा पोर येडा नव्हता."

विलास त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. काही विचारायचा नाही, नुसता डोळे मिटून ऐकायचा. पुढेपुढे तो वर्गात खोकायला लागला. एकदा माझ्याशी बोलता बोलता 'नाही'च्या जागी 'नाय' म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काही नाही. तोंडात कुणाचा तरी शब्द आला."

समितीच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलं होतं. हिराबाई शेजाऱ्यांबरोबर मागच्या बाकावर होत्या. मी कंपनीची वकील झाले होते आणि विलास झाला होता दामा. आमचं ठरलं होतं: मी मास्कबद्दल विचारायचं, त्यानं 'मास्क फाटका होता' म्हणायचं.

"मास्क तुम्ही स्वतः काढलात, हे खरं आहे का?" मी विचारलं.

तो बराच वेळ खोकला. मग मान वर केली. चेहरा विलासचाच होता, पण बघणं ओळखीचं नव्हतं. 

"काराला," तो म्हणाला. आवाज जाड, घशातला. "मीच काराला."

"का?"

"गनपत आदी परला ना खाली. त्याच्या तोंडाव लावला."

आमच्या कागदांत गणपत नावाचा कुणी नव्हता. मी पानं पुन्हा उलटून पाहिली. मागच्या बाकावरून एक माणूस उठला, हिराबाईंचा शेजारी, दामाच्याच कारखान्यातला.  "खरं हाय," तो म्हणाला. "मीच गनपत. मनाच लावला. नोकरी जाईल म्हनून मी बोललो नाय." हिराबाई रडल्या नाहीत. पिंजऱ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "दामा, घरी चल."

समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "अभिनय उत्तम होता."

मी विलासला गाठलं. "गणपतचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण गणपत?" त्यानं विचारलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्या दिवसानंतर तो वर्गात आला नाही.

गणपतनं पुढे रीतसर जबाब दिला आणि दामावरचा ठपका पुसला गेला. समितीच्या शिफारशीवरून शनिवारच्या केंद्रालाही परवानगी मिळाली. प्राचार्य म्हणाले, "गुरवला शोधा. त्याच्यामुळे झालंय हे." तळोज्यातली खोली त्यानं सोडली होती. मी कोनला गेले.

दुपारची वेळ. हिराबाईंच्या पडवीत तो तांदूळ निवडत बसला होता. अंगात दुसऱ्याच कुणाचा, खांद्यात सैल शर्ट.

"विलास, केंद्र मंजूर झालं," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे बघतात तसं, आदरानं. "कोन पायजे तुमाला? इलास कोनी नाय इथं."

हिराबाई जेवणाचं ताट घेऊन दारात आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. ताट खाली ठेवून, हात जोडून हळूच म्हणाल्या, "राहू दे बाय. त्याला आये नाय, मना पोर नाय."

 मी अंगण ओलांडलं तेवढ्यात मागून स्वच्छ, शहरी मराठीत आवाज आला, "जोशीबाई, केंद्र बंद पडू देऊ नका."

मी वळले. हिराबाई त्याला भरवत होत्या. त्याचं तोंड घासानं भरलेलं होतं आणि डोळे मिटलेले.

शनिवारी केंद्राचं कुलूप मीच उघडलं. बाहेर माणसं आधीच येऊन बसली होती.