आढ्यापलीकडची

कौल हातात आलं की ती आधी त्यावर मधल्या बोटाने टकटक करायची आणि मान वाकडी करून ऐकायची. खणखणीत वाजलं तर ते छपरावर, बद्द वाजलं तर तुळशीच्या कुंडीखाली. माठ, नारळ, कलिंगड, सगळ्यांना हीच परीक्षा. माझ्या नवऱ्याने हौसेने आणलेल्या टीव्हीच्या टेबलावरही तिने टकटक केली आणि म्हणाली, "आतून पोकळ हाय, वहिनी." पुढे ते टेबल खचलं, पण ही बातमी मी तिच्यापर्यंत पोचू दिली नाही.

तुमच्याही शेजारी अशी एखादी असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

नव्वद सालानंतर आम्ही बेलापूरला राहायला आलो, तेव्हा आमच्या ओळीत सगळी बैठी जोडघरं होती. दोन घरांवर मिळून एकच आढं, त्याच्या अलीकडचं छप्पर आमचं, पलीकडचं तिचं. मंगलोरी कौलं दोघींचीही एकाच गाडीतून आलेली. तरी पावसात आमच्याकडे बादली, परात आणि कुकरचं भांडं मांडलेलं, आणि भिंतीपलीकडे तिचं घर कोरडं ठणठणीत. आता तुम्हीच सांगा, जीव जळणार नाही का?

तिचं माहेर उरणकडच्या मिठागरांच्या गावातलं. महापेच्या एका कंपनीत ती टेलिफोनवर बसायची, त्यामुळे आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. मे महिन्यातल्या रविवारी ती नवऱ्याची जुनी पँट चढवून, डोक्याला पंचा बांधून छपरावर जायची. ओळीतले पुरुष पेपर वाचत असल्यासारखं करायचे. केबलवाला पोरगा वायर ओढत कौलांवरून चालला की ती खालून ओरडायची, "मधे पाय देऊ नको. रीप बघून चाल." रीप म्हणजे ज्यावर कौल टेकतं ती लाकडी पट्टी. "कौल मरत नाय, वहिनी, रीप मरते," हे तर मी शंभरदा ऐकलं असेल. कौल म्हणे आपल्या नातवंडांनाही पुरतं, फक्त शेवाळ काढायचं, तडकलेलं बदलायचं आणि खालचं लाकूड कुजू द्यायचं नाही. सांगायची ते असं, की जणू कौलाचा शोध तिच्याच घरात लागला होता.

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझ्या सासूबाई तिकडे जायला लागल्या.

सासूबाई साताऱ्याकडच्या, बोलायला कमी. आधी त्या दुपारचा चहा तिकडे घ्यायला लागल्या. मग मे महिन्यातला अख्खा रविवार. मग पाऊस सुरू झाला की वळकटी काखेत मारून सरळ तिच्या घरी. "इथं अंगावर गळतंय," एवढंच म्हणायच्या. ओळीतल्या बायका मला विचारायच्या, "तुमच्या सासूबाई शेजारीच असतात का हो?" मी हसून "हो ना, मैत्रिणी आहेत" म्हणायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे. मी त्यांना हातात ताट देत होते, पाणी देत होते, उठू देत नव्हते. तिकडे त्या हसलेल्या मला भिंतीतून ऐकू यायच्या.

आम्ही छपरावर डांबर फासलं, निळं प्लास्टिक घातलं. गळती आपली जागा बदलत राहिली. शेवटी ओळीतल्या बहुतेकांनी केलं तेच आम्ही ठरवलं: कौलं उतरवायची आणि स्लॅब टाकायचा. मी नवऱ्याच्या मागे लागले ते वरच्या खोलीसाठी नाही. सासूबाईंची वळकटी मला परत हवी होती.

आढं सामाईक, म्हणून तिला विचारणं भाग होतं. मला वाटलं, भांडेल. ती म्हणाली, "टाका की. तुमची उतरलेली कौलं तेवढी मला द्या." मग काम संपेपर्यंत ती आपल्या छपरावर बसून गवंड्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होती. "सांध्यातून पानी आलं तर माझ्या घरात येनार हाय," असं त्याला दिवसातून दहादा ऐकवायची. आमची कौलं तिने एकेक वाजवून घेतली, घासली आणि आपल्याकडची कच्ची काढून त्या जागी बसवली. आमच्या डोक्यावर गळणारी तीच कौलं तिच्याकडे जाऊन एकदम शहाणी झाली. त्या पावसाळ्यात तिच्याकडे एक थेंब पडला नाही.

आणि आमच्याकडेही पडला नाही. स्लॅब अगदी कोरडा. तरी पावसाची पहिली मोठी सर आली तशा सासूबाई उठल्या आणि वळकटी बांधायला लागल्या.

मला रडूच फुटलं. "आई, आता काय गळतंय इथे?"

त्या जरा वेळ गाठ आवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथं मला विचारतात, कुठं ते."

तेव्हा मला कळलं की मे महिन्यातल्या रविवारी तिकडे काय चालायचं. घराची दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, आत मिट्ट काळोख करायचा. कौल सरकलं किंवा तडकलं असेल तिथून उन्हाचा ठिपका दिसतो. पण तो दिसतो आतल्याला, छपरावरच्याला नाही. म्हणून सासूबाई आत उभ्या, ती वर. "कुठं, मावशी?" "अजून वर. डावीकडं घे. हां, तेच." आणि पावसात रात्री त्या तिकडे राहायच्या ते पहारा द्यायला. माझ्या घरात मी त्यांना बसवून ठेवलं होतं, आणि तिने त्यांना कामावर ठेवलं होतं. मला तिचा इतका हेवा आधी कधी वाटला नव्हता.

पुढे तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी शिडी बंद केली. ती वर्षभर खालून छपराकडे बघत राहिली आणि मग तिने घर विकून कामोठ्याला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. "ज्या छपरावर चढता येत नाय त्याच्याखाली राहायचं नाय," म्हणाली. "तिथं माझ्या वर दुसऱ्याचं घर हाय. त्याने बघावं." जाताना तिने सासूबाईंना मिठी मारली आणि माझ्या दाराच्या फळीवर टकटक केली. मान वाकडी करून ऐकलं आणि टेम्पोत जाऊन बसली.

नवा मालक तिथे स्लॅब टाकणार होता. चावी आमच्याकडे होती. पाडायला माणसं यायच्या आदल्या दुपारी सासूबाई म्हणाल्या, मला एकदा आत ने. रिकाम्या घरात आम्ही दोघी गेलो. त्यांनी सवयीने दार लावलं, खिडक्या लावल्या. काळोखात वर एकच ठिपका चमकत होता.

"जा वर," त्या म्हणाल्या.

"आई, उद्या पाडणार आहेत हे."

"उद्या ना?"

मी पदर खोचला, आमच्या गच्चीवरून तिच्या कौलांवर उतरले आणि रीप बघत बघत बसूनच सरकले. हात भाजत होते. खालून आवाज येत होता, "वर. अजून वर. पुढं गेलीस, मागं ये." तडकलेलं कौल सापडलं. तिने गच्चीच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या जादा कौलांतलं एक मी घेतलं, वाजवून पाहिलं आणि बसवलं.

"झालं बंद," सासूबाई म्हणाल्या. "पण तिला एवढा वेळ लागायचा न्हाई."

त्या तापलेल्या छपरावर बसूनही मी जळले. कामोठ्याला गेली तरी ही बाई माझ्या पुढेच. मी उठायला लागले, तेवढ्यात खालून पुन्हा आवाज आला.

"थांब. अजून एक दिसतंय."

आत एकच ठिपका होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मी परत खाली बसले.

"कुठं, आई?" मी विचारलं.