एक्स्ट्रा बेडवरची श्यामला

माझं तोंड वाईट आहे, असं आमच्या सोसायटीत सगळ्यांचं मत आहे. असू दे. निदान ते उघडतं तरी! समोरच्या ब्लॉकमधल्या श्यामलाचं उघडतच नाही, आणि त्यापायी त्या बाईनं काय काय गिळलंय ते मी वीसेक वर्षं माझ्या दारातून बघत आलेय.

श्यामला पन्नाशीच्या पुढची. बुधवार पेठेत शाळेच्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरला असते. लग्न झालं नाही, म्हणजे जमवायला कुणी बसलंच नाही. ऐन वयात तिच्या आईनं अंथरूण धरलं आणि घरात एक माणूस हाताशी हवं होतं. बाकी घरात थोरले भाऊ दिगंबरराव, त्यांची बायको दीपाली, मुलगा शौनक आणि आता शौनकची नवीकोरी बायको स्वराली. माणसं वाईट नाहीत हो. श्यामलाशी कुणी चढ्या आवाजात बोललेलं मी कधी ऐकलं नाही. तिला विचारलेलंही कधी ऐकलं नाही.

त्यांचं कर्वेनगरातलं घर काही लहान नाही, पण तिची जागा म्हणजे हॉलमधला दिवाण. टीव्ही बंद झाला की अंथरायचं आणि दूधवाला यायच्या आत गुंडाळायचं. आई असताना सकाळी दुकान आणि दुपारपासून आईचं सगळं. त्यातच दिगंबररावांनी एक पितळी कुलूप काढलं. स्वतः बाहेर पडताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं आणि आत श्यामला आणि आई. का, तर कुरिअरवाले बेल वाजवतात, आईची झोपमोड होते, कुलूप दिसलं की आल्या पावली परत जातात. मी एकदा विचारलंच, "आणि आत काही झालं म्हणजे?"

"तुम्ही आहात ना समोर," दिगंबरराव म्हणाले. "तुमचं लक्ष असतंच आमच्या दाराकडे."

घ्या! टोमणा मारला आणि कुलूप चालूच ठेवलं. पुढे आई गेली, पण कुलूप काही गेलं नाही. श्यामला आत आणि नळाचा आवाज येतोय, की भावाचा हात आपसूक कुलपाकडे.

तर यंदा आमची बिल्डिंग पाडायची ठरलीय. दिवाळीनंतर सगळ्यांनी भाड्याच्या घरात जायचं. शौनकच्या डोक्यात आलं, त्याआधी सगळ्यांनी मिळून परदेशात जाऊन येऊ. सोसायटीतली चार घरं तयार झाली. माल्टा म्हणून भूमध्य समुद्रात एक बेट आहे, तिथली पॅकेज टूर. मीही नाव दिलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी, मला कोण अडवणार? कंपनीनं माझ्या खोलीत एक बाई जोडून दिल्या होत्या, त्यांचा निघायच्या आदल्या आठवड्यात पाय मोडला. त्यामुळे मला मिळाली दोन पलंगांची खोली एकटीला.

श्यामलाला काय मिळालं? एक्स्ट्रा बेड. शौनक-स्वरालीची खोली वेगळी, ते बरोबरच आहे. पण श्यामलाला टाकलं दिगंबरराव आणि दीपालीच्या खोलीत. तिसरा माणूस स्वस्तात पडतो ना! नवरा-बायकोच्या मोठ्या पलंगाच्या पायाशी एक चाकांची घडीची खाट. ती हलली की करकरायची, म्हणून ही बाई रात्रभर कूस बदलायची नाही. खोलीची कार्डं दोन, एक भावाच्या खिशात, एक वहिनीच्या पर्समध्ये. ते दोघं खोलीत नसले की हिनं खाली लॉबीत बसायचं. सुट्टीला आलीय की ताटकळायला?

"अगं, माझ्या खोलीत ये की," मी पहिल्याच दिवशी म्हटलं. "अख्खा पलंग मोकळा पडलाय."

"दादाला वाईट वाटेल," ती म्हणाली.

बसमध्ये जोड्या पुढे बसत, म्हणून ती मागे माझ्याशेजारी. तिथेच एकदा कुठल्याशा चर्चवरून परत येताना तिनं मला सांगितलं. तिच्या दुकानातली मैत्रीण रतन, तिचं खडकीला घर आहे, वरची खोली रिकामी आहे. स्वतंत्र जिना, लहानशी मोरी, खिडकीतून समोर कडुलिंब. श्यामलाला ती हवी होती. नुसती हवी नाही, त्या खोलीसाठी जीव टाकत होती. सहलीहून परत यायच्या आत हो की नाही कळव म्हणून रतननं बजावलं होतं, कारण गिऱ्हाईक दारात उभं होतं. आणि इकडे दिगंबररावांनी भाड्याचं घर बघून ठेवलं होतं. त्या घरात हॉल होता, आणि हॉलमध्ये दिवाणाची जागासुद्धा मापून ठेवली होती.

"मग सांग ना त्यांना! हातात आठवडा आहे."

"कधी सांगू? सारखे सगळे बरोबर असतात. नाश्त्याला बरोबर, बसमध्ये बरोबर, फोटोत बरोबर." मग म्हणाली, "आणि सांगायला गेलं की घसा कोरडा पडतो हो. आत्ता तुम्हाला सांगतानासुद्धा पडलाय."

खरंच पडला होता. मी पाण्याची बाटली दिली. बाहेर एवढा निळाशार समुद्र, आणि ही बाई खिडकीशी अंग चोरून बसलेली. मला इतका राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

आमचं हॉटेल म्हणजे जुनं दगडी घर होतं, पिवळसर दगडाचं. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना लाकडी दार आणि त्याच्या बाहेर जुन्या काळची लोखंडी जाळी. इतरांच्या जाळ्या उघड्याच असायच्या. दिगंबरराव मात्र ती बघून हरखले. "हे बघा, अगदी आपल्यासारखं!" म्हणाले, आणि बॅगेतून ते कुलूप काढलं. तेच हो, कर्वेनगरचं पितळी! प्रवासात बॅगेला असावं म्हणून आणलं होतं म्हणे. खोलीत सगळ्यांचे पासपोर्ट आहेत, यांच्या त्या कार्डाच्या कुलपावर आपला विश्वास नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून बाहेर पडताना जाळीला कुलूप.

एके दिवशी बोटीनं शेजारच्या बेटावर जायचं होतं. माझा गुडघा आदल्या दिवशीच्या पायऱ्यांनी सुजला होता, म्हणून मी जात नाही असं टूर मॅनेजरला सांगून टाकलं. सकाळी खालून बस गेल्याचा आवाज आला. मी खुर्ची घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात येऊन बसते न बसते तोच हाक आली.

"शर्मिलाताई..."

बघते तर जाळीच्या आत श्यामला. ओले केस, खांद्यावर टॉवेल, दोन्ही हातांनी गज धरलेले. आणि बाहेर लटकतंय कुलूप.

"अगं बाई! हे काय?"

"मी अंघोळ करत होते. माझा नंबर शेवटी असतो ना." ती म्हणाली. "बाहेर आले तर कुणी नाही. दोन हाका मारल्या. मग बसचं दार लागलेलं ऐकू आलं, आणि मग आवाजच फुटेना."

मी तिथल्या तिथे दिगंबररावांचा उद्धार केला. तो काही इथे लिहीत नाही. मग लंगडत लंगडत खाली गेले. रिसेप्शनवरची मुलगी वर आली, कुलूप बघून तिनं छातीवर क्रूस काढला. त्या कुलपाची किल्ली हॉटेलकडे कुठली असायला? कटर घेऊन माणूस येईल, पण दुपारची विश्रांती झाल्यावर, म्हणाली. म्हणजे तिथेही पुण्यासारखं दुपारी सगळं बंद! एरवी मला हसू आलं असतं.

दिगंबररावांचा फोन रोमिंगच्या धास्तीनं बंद. मी टूर मॅनेजरला लावला आणि श्यामलालाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मी प्रत्येक फॅमिलीला विचारलं होतं," तो बिचारा म्हणाला. "सर म्हणाले, आम्ही चौघं, सगळे आलो."

मी म्हटलं, "दिगंबररावांना फोन द्या."

आधी त्यांना खरंच वाटेना. दीपाली मागून म्हणत होती, "अहो, मला वाटलं त्या मागे शर्मिलाताईंजवळ बसल्यात." मग जरा कुजबुज झाली. मग दिगंबरराव पुन्हा फोनवर आले, आवाज एकदम निवांत.

"तसं काळजीचं काही नाही. आत बाथरूम आहे, प्यायला पाणी आहे, बिस्किटंही आहेत. आणि तुम्ही आहात ना समोर. आत्ता परत यायचं म्हणजे सगळ्यांचाच दिवस जाईल. संध्याकाळी येतोच आम्ही. तिला म्हणावं, जरा पड."

फोन ठेवला. मी श्यामलाकडे बघायचं टाळत होते. आता ही रडणार, आणि मधे गज असताना मी हिला जवळ कशी घेणार, हेच माझ्या डोक्यात.

ती रडली नाही. आत गेली आणि त्या मोठ्या पलंगावर, भावा-वहिनीच्या पलंगावर, मधोमध बसली. पाय लांब केले. आपलेच पाय बराच वेळ बघत राहिली.

"आई होती तेव्हा मला वाटायचं, आईमुळे कुलूप आहे," ती म्हणाली.

मी माझी खुर्ची जाळीला लावली. खालून चहा आणला, गजांतून कप जाईना, म्हणून दोन कागदी ग्लासांत ओतून आणला. तीही उठून जाळीपाशी येऊन जमिनीवर बसली. ऊन व्हरांड्यातून सरकत गेलं, कुठल्याशा चर्चची घंटा वाजत राहिली, खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. श्यामला उठायची, खिडकीपर्यंत जायची, समुद्र बघायची, परत जाळीपाशी यायची. पुन्हा उठायची. मला त्या येरझारा बघवेनात. कर्वेनगरात आतून तिची पावलं अशीच ऐकू यायची. तेव्हा मला वाटायचं, घर आवरतेय.

विश्रांती संपली तसा कटरवाला आला. दांडगा माणूस, हातात हे एवढं हत्यार. त्यानं कुलपाला कटर लावला मात्र, श्यामला जाळीतून हात बाहेर काढून म्हणाली, "नो. प्लीज, नो."

"अगं, वेड लागलंय का?" मी ओरडलेच. "सुटतेयस तर सुट की!"

"दादानं लावलंय, दादालाच काढू दे. त्यानं मला आत बघायला पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हा आत्ता तोडून गेला ना, तर संध्याकाळी सगळे हसतील. पुण्याला गेल्यावर गंमत म्हणून सांगतील. आणि मी दिवाणावर."

कटरवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार त्याला? खांदे उडवून गेला बिचारा.

"तुमचा फोन द्या," श्यामला म्हणाली.

मी गजांतून दिला. तिनं खडकीला लावला. घसा दोनदा खाकरला, मला वाटलं झालं, आता ही फोन परत देणार. पण बोलली. "रतन, श्यामला बोलतेय. वरची खोली मी घेतेय. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस." पलीकडून रतन काहीतरी विचारत असावी. "नाही, घरी अजून नाही सांगितलं. आज सांगतेय."

मग फोन गजांतून मला परत दिला.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. चौघंही आले, उन्हानं लाल झालेले. दिगंबररावांच्या हातात मिठाईचा खोका. "हे खास तुझ्यासाठी हं, श्यामला!" लांबूनच म्हणाले. जवळ आले, आणि जाळीच्या आत उभ्या असलेल्या बहिणीला बघून जरा चाचरले. "अगं, ते... नळाचा आवाज आला, आणि हात आपोआप गेला बघ. इतक्या वर्षांची सवय."

"हो," श्यामला म्हणाली.

त्यांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं, जाळी ओढली. स्वराली पुढे होऊन "सॉरी हं, आत्या" म्हणाली. श्यामला बाहेर आलीच नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिनं हात पुढे केला.

"ते कुलूप दे, दादा. किल्लीपण."

"आता कशाला? मी नाही लावत हं परत, शप्पथ."

"मला पाहिजे. खडकीला रतनची वरची खोली मी घेतलीय. दिवाळीनंतर तिकडे राहायला जाणार."

दीपाली म्हणाली, "अहो, काहीतरीच काय, श्यामलाताई! आणि आपल्या घरी कोण असणार दिवसभर?"

"चौघं आहात की," श्यामला म्हणाली.

हातातलं कुलूप दिगंबररावांनी तिच्या तळहातावर ठेवलं, किल्ली तशीच त्याला लटकलेली. रागावले असते तर बरं झालं असतं. पण माणूस खरंच बावरला होता, आणि तेव्हा मला त्यांचीसुद्धा दया आली.

"पण खडकीला कुलूप कशाला पाहिजे तुला?" त्यांनी हळूच विचारलं. "एकटी तर राहणार. आत कोण असणार आहे?"

"कुणीच नाही," श्यामला म्हणाली. "मी बाहेर जाताना लावीन."