तोंडात पाच टाचण्या

गिऱ्हाइकं तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणतात. खरी कात्री तिच्या हातात कधीच नसते. ती शिवते, कापते तिची धाकटी जाऊ. दोघींचं शिवणाचं दुकान बावीस वर्षांचं. दोन मशीन, एक लांब टेबल, पडदा लावलेला कोपरा आणि एक आरसा, ज्यात सगळेच थोडे बारीक दिसतात. तो आरसा थोरलीने मुद्दाम निवडलेला आहे.

थोरलीचं वय छप्पन्न. तिची शिलाई सरळ असते आणि बोलणंही सरळ, मधे कोण येतं ते न बघणारं. कापायचं मात्र तिला जमत नाही. कोऱ्या कापडावर कात्री टेकवली की हात थांबतो. हे फक्त धाकटीला माहीत आहे आणि तिने ते कधी बोलून दाखवलेलं नाही.

त्या सोमवारी वकीलसाहेब नव्या कोटाच्या ट्रायलला आले. कोट पाठीत आवळला. थोरलीने त्यांच्यासमोरच जावेला विचारलं, “हे टेप लावून कापलंस की डोळे मिटून? साहेबांनी काय श्वास घरी ठेवून कोर्टात जायचं?”

धाकटीने गळ्यातली टेप काढली, गुंडाळून टेबलावर ठेवली. “शनिवारपर्यंतची कामं कापून देते, वहिनी. पुढच्या सोमवारपासून मी समोरच्या गणवेशांच्या कारखान्यात.”

कापणारीच गेली, तर शिवायचं काय? संध्याकाळी थोरली पुतणीकडे गेली. ही धाकटीचीच मुलगी, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. इस्पितळात ती हृदयाच्या रोग्यांना शांत राहायला शिकवते.

“काकू, तीनच गोष्टी,” पुतणी म्हणाली. “उत्तर देण्याआधी तीन लांब श्वास. एका वेळी एकच काम. आणि राग आला की तो आपल्या शरीरात कुठे आलाय ते बघायचं. समोरच्या माणसाकडे बघायचं नाही.”

“श्वास मी छप्पन्न वर्षं घेतेय. एकदाही चुकला नाही.”

“घेता, पण घेताय हे कळत नाही.”

“आणि कळून काय करू? टाका घालू?”

“काकू, आईला थांबवायचंय ना?”

थोरलीने आधीच गोड असलेल्या चहात आणखी एक चमचा साखर घातली आणि ती ढवळत बसली.

मंगळवारी तिने अभ्यास सुरू केला, तोही मशीनवर, कारण रिकामं बसून श्वास घेणं तिला आळशीपणाचं वाटलं. कोटाची पाठ उसवून आतलं दाबलेलं कापड सोडलं, पुन्हा शिवली. मग खिशांकडे वळली आणि डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. पाय आपला चालूच.

बुधवारी वकीलसाहेबांनी कोट चढवला. पाठ झकास बसली. खूश होऊन ते खिशात हात घालायला गेले आणि हात बाहेरच राहिला.

“बाई, दोन्ही खिसे शिवून टाकलेत तुम्ही!”

वकिलाचा हात स्वतःच्या खिशात कधीपासून जायला लागला, हे वाक्य थोरलीच्या ओठांपर्यंत आलं. तीन श्वास घ्यायला वेळ नव्हता. तिने टाचण्यांच्या गादीतून हाताला आल्या त्या पाच टाचण्या उपसल्या आणि ओठांत धरल्या. पलीकडे टेबलापाशी धाकटी कागदी नमुना कापडाला टाचत होती. तिच्याही ओठांत टाचण्या होत्या आणि खांदे गदगदा हलत होते.

टाचण्यांनी काम केलं. तोंड बंद म्हणून श्वास नाकाने आणि हळू. लक्ष सगळं ओठांवर, कारण चुकून गिळली तर पंचाईत. राग कुठे आलाय तेही दिसलं. कानांच्या पाळ्यांत. पुतणीच्या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या.

गुरुवारीही दुकानात असेपर्यंत तिने त्या काढल्या नाहीत. एका गिऱ्हाइकाने धाकटीला हळूच विचारलं, “बाईंचे दात काढले का हो?”

तोंड अडलेलं, त्यामुळे हातातलं काम नीट दिसू लागलं. शुक्रवारी मापवही चाळताना वकीलसाहेबांचं पान आलं. पाठ साडेसोळा. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर साडेसतरा. माणसाची पाठ पन्नाशीत रुंद होईल, अरुंद होत नाही. साडेसोळाचं अक्षर थोरलीचं होतं. ते माप घेताना ती इस्त्रीवाल्याशी भांडत होती, हेही तिला आठवलं. कानांच्या पाळ्या पुन्हा तापल्या. या वेळी भांडायला समोर कुणी नव्हतं.

शनिवारी दुपारी धाकटीने शेवटचं कापड कापलं आणि कात्री पुसून खणात ठेवली. थोरलीने मापवही उघडून तिच्यासमोर सरकवली. मग एकेक टाचणी काढून गादीत खोचली. पाचवी निघेपर्यंत वाक्य बरंच लहान झालं होतं.

“चूक माझी होती.”

“मला सोमवारीच माहीत होतं,” धाकटी टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

धाकटीने आपल्या ओठांतल्या टाचण्या काढल्या. “बावीस वर्षं या मी उगाच धरते असं वाटलं तुम्हाला?”

थोरलीने जरा हिशेब केला. “म्हणजे बावीस वर्षं तू मला मनातल्या मनात...”

“रोज. कधी कधी दोनदा.”

“काय म्हणायचीस?”

“सांगेन सावकाश. बरंच आहे.”

“मग सोमवारी ये आणि सांग. कारखान्यात कुणाला सांगणार?”

धाकटी टेप न घेता घरी गेली. टेप टेबलावर तशीच राहिली.

सोमवारी ती वीस मिनिटं उशिरा आली. थोरलीने घड्याळाकडे पाहिलं आणि टाचणीकडे हात नेला.

“ठेवा ती. बोला.”

“उशीर झाला.”

“झाला,” धाकटी म्हणाली आणि टेप गळ्यात टाकली. “आता माझं ऐका. सुरुवात पहिल्या वर्षापासून.”

थोरलीने पाचही टाचण्या ओठांत धरल्या आणि मान हलवली.