तू कोचसारखी दिसत नाहीस

पाथर्डीच्या स्टँडवर मला सोडायला आई आणि अण्णा दोघंही आले होते, आणि दोघंही माझ्याकडे न बघता आजूबाजूला बघत होते. कुणी ओळखीचं बघत तर नाही ना, म्हणून. दिवाळी नुकतीच झाली होती. त्याच आठवड्यात ते दोघं ऊसतोडीला निघणार होते. अर्धं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडी, कोंबड्या, लेकरं भरून निघत होतं आणि त्याला कुणी घर सोडणं म्हणत नव्हतं. मी एकटी एक बॅग घेऊन नगरला निघाले, तर मी मात्र घर सोडून चालले होते!

एसटी हलली तेव्हा अण्णा खिडकीपाशी आले. वाटलं, काहीतरी मायेचं बोलतील. ते म्हणाले, "कुनी इचारलं तर कॉम्प्युटरचा कोर्स सांग. जिमबिम म्हनू नको."

गावाकडच्यांनो, तो कोर्स मी कधीच केलेला नाही. माझा मोबाईल हँग होतोय, जरा बघ, असं म्हणून मला फोन करणं कृपया बंद करा.

मी जिम का निवडली, हे नगरला मला इतक्या जणांनी विचारलंय, की एकदाच लिहून टाकते. बारावीनंतर मीही आईबरोबर फडात उसाच्या मोळ्या वाहिल्या. मोळी डोक्यावर घेऊन, फळीवरून चढून ट्रॉलीत टाकायची. मला त्या कामाचा राग यायचा, पण जड उचलताना मला कधी भीती वाटली नाही. बाकी सगळ्याची वाटायची. इंग्रजीची, बँकेतल्या माणसाची, चारचौघांत बोलण्याची. मग नगरला ट्रेनरचा कोर्स असतो असं मैत्रिणीकडून कळलं, आणि वाटलं, जे जमतं तेच शिकावं.

कोर्स झाला, एका जिममध्ये नोकरी लागली. पहिल्या दिवशी एक गृहस्थ आत आले, माझ्या टी-शर्टवरचं 'कोच' वाचलं आणि विचारलं, "मॅडम, सर कुठे आहेत?" मला वाटलं, नवीन असतील. पुढं कळलं की नवीन मी होते. हा प्रश्न रोजचाच होता. एखादा पाठीची कमान करून वजन उचलायचा. मी म्हणायचे, "दादा, खाली ठेवा, कंबर धरेल." तो आरशातून माझ्या पलीकडे बघायचा. माझ्यानंतर लागलेला ट्रेनर येऊन अगदी तेच बोलायचा, की लगेच वजन खाली. वर मला ऐकवायचा, "सरांनी बरोबर सांगितलं."

चिडून तरी किती चिडणार? मी आवाज वाढवला तर 'मॅडम फार तापट आहेत', हळू बोलले तर ऐकूच जात नाही.

त्यातून एकदा जाहिरातीसाठी सगळ्या ट्रेनर लोकांचे फोटो काढायचे ठरले. मी नवीन ट्रॅकसूट घालून गेले. मालकांनी मला बाजूला घेतलं. माणूस तसा वाईट नव्हता, म्हणून जास्तच लागलं. म्हणाले, "हे बघ, राग मानू नको. खांदे एवढे रुंद, पोट असं. तू कोचसारखी दिसत नाहीस. थोडी बारीक हो, मग तुझाही फोटो टाकू."

मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली. खोलीवर जाऊन मी भाकरी बंद केली. काकडी, काळी कॉफी आणि इंटरनेटवरच्या गोऱ्या बायकांचे व्हिडिओ, एवढ्यावर राहू लागले. रोज दुसऱ्यांना 'नीट जेवा' सांगायचे आणि स्वतः भुकेनं भेंडाळलेली. एका संध्याकाळी बॅचसमोर वजनाचा बार उचलून दाखवायचा होता. नेहमीचंच वजन. मी वाकले, धरलं, जोर लावला. बार जमिनीवरून हललाच नाही. पुन्हा लावला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथंच खाली बसले. मागून कुणीतरी हसलं.

मला एवढं एकच येत होतं, आणि तेही मी घालवून बसले होते.

त्या दिवशी खोलीवर येऊन पिठलं टाकलं, दोन भाकरी थापल्या आणि रडत रडत जेवले. सकाळी मालकांना सांगितलं, "सर, फोटोत नको तर नको. पण मी उपाशी राहणार नाही." त्यांनी मान हलवली, आणि पुढच्या आठवड्यात संध्याकाळची बॅच माझ्याकडून काढून घेतली. मीच मग नोकरी सोडली.

नगरला लागूनच असलेल्या केडगावात एका मंगल कार्यालयाचा हॉल सकाळी रिकामा असतो. तिथं मी बायकांची बॅच सुरू केली. वाटलं, आता तरी सुटले. कसली सुटतेय! यांना फक्त पोट कमी करायचं असतं, बाकी शरीराला हात लावायचा नसतो. वजन उचला म्हटलं की म्हणतात, "नको बाई, दंड पुरुषासारखे होतील." पाण्यानं भरलेल्या कळशा रोज उचलतात, तेव्हा नाही होत.

आणि एके दिवशी लताताई सगळ्यांसमोर बोलल्या. ताई शिवणकाम करतात, चांगल्या धिप्पाड आहेत. "मॅडम, तुमचंच पोट अजून कमी नाही, तर आमचं काय करणार?"

मला मालक आठवले, ते हसणं आठवलं. पण या वेळी लाज नाही वाटली, संतापच आला. मी म्हटलं, "ताई, इकडे या. माझ्या पाठीवर बसा."

"अगं, पडेन की मी!"

"बसा."

त्यांना पाठीवर घेऊन मी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. ताई आधी ओरडल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना धरून ठेवणंच अवघड झालं. उतरल्यावर धापा टाकत त्यांनी मला विचारलं, "मला येईल का असं?"

"येईल. पण पोटाचा नाद सोडा आणि वजन उचला."

आता त्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त वजन उचलतात. पोटाचं विचारणं मात्र अजून चालूच आहे.

यंदा हंगाम संपल्यावर आई-अण्णा फडावरून गावी न जाता थेट माझ्याकडे उतरले. आईची कंबर पार गेली होती. डॉक्टरांनी दुखणं कमी झाल्यावर हलका व्यायाम सांगितला. तो मी शिकवायला गेले, तर म्हणाली, "जल्मभर मोळ्या मी उचलल्या, आन् आता तू मला कंबर उचलायला शिकिवती व्हय?" शिकते, पण दार लावून, आणि अण्णांना बाहेर पाठवून. तिनं माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवलेत. मला माझीच साखर सापडत नाही.

बाहेर पायरीवर बसलेले अण्णा परवा फोनवर कुणाशी तरी बोलत होते. पलीकडच्यानं विचारलं असावं, कुठं आहात. अण्णा सहज म्हणाले, "घरीच हाय की."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अण्णा, हे केडगाव आहे, भाड्याच्या दोन खोल्या आहेत, घर तिकडं पाथर्डीकडे आहे, त्याला कुलूप आहे. पण त्या कुलपामागं आता आहे कोण? घरातली भांडणं इथं, दुखणी इथं, खरकटी ताटंही इथंच. निघाले तेव्हा जे मागं सोडलं असं वाटलं होतं, ते सगळं माझा पत्ता विचारत आलं आहे आणि जायचं नावच घेत नाही.

तेवढ्यात आतून आईनं हाक मारली. चटईवर आडवी होती. "आगं, उचलली ना कंबर. किती वेळ धरू?"

"अजून उचललीच नाहीस, आई."

"उचलली हाय!"

मी आत गेले आणि दार लावून घेतलं.