सुभेदारांचा परदेशी ढोल

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक चोऱ्या मी विसरलो. बैल, पंपाच्या मोटारी, उसाच्या गाडीचे टायर, देवळातली घंटा, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. एक ढोल मात्र अजून डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. इस्लामपूरच्या बाजूला एका ठाण्यात मी फौजदार होतो. गणपती नुकतेच उठले होते. बंदोबस्ताने शिणलेले शिपाई जरा टेकले होते, तेवढ्यात जवळच्या गावचे एक निवृत्त सुभेदार फिर्याद घेऊन आले. पाठ ताठ, मिशी ताठ, बोलणंही तसंच. फौजेने त्यांना पूर्वी कवायत शिकवायला पश्चिम आफ्रिकेत, घानात पाठवलं होतं. तिथून आणलेला ढोल माडीवरच्या कपाटावरून नाहीसा झाला होता.

वर्णन लिहून घेताना आमच्या हवालदाराची पंचाईत झाली. उखळासारखा, वर रुंद, कमरेत बारीक, वर शेळीचं कातडं, बाजूने दोऱ्या, आणि काठीने नव्हे तर हाताने वाजवायचा. "संशय कुणावर?" मी विचारलं.

"संशय कसला, साहेब? नावच सांगतो. हायस्कुलातला गाण्याचा मास्तर. तीनदा घरी आला, तीनदा भाव इचारला. मी न्हाई म्हनलं. दुसरा कोन नेनार?"

दोनच दिवसांनी एस.टी. स्टँडवरच्या चहावाल्याने खबर दिली, की मास्तर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी ढोलासारखं घेऊन उतरताना दिसला होता. आम्ही पंच घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. झडतीत एक सोडून दोन ढोल निघाले. हवालदार खूश झाला. सुभेदारांना ओळखायला बोलावलं, तर त्यांनी दोन्हींवर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "हे? ही खेळणी हायत साहेब. माजा इकला आसंल कुटंतरी."

मास्तर तिशीचा, एकटा, सांगलीचा. मी त्याला टेबलासमोर बसवलं आणि हे दोन कुठले ते विचारलं. दोन्ही मुंबईत घेतले होते, स्टँडवर दिसला तो त्यातलाच एक, आणि दोन्हीत फसला होता. पुण्याला संगीताच्या परीक्षेला गेला असताना तिथे शिकणाऱ्या आफ्रिकेतल्या मुलांचं वाजवणं त्याने ऐकलं आणि तेव्हापासून त्याने हा ध्यास घेतला. मिरजेच्या वाद्यांच्या कारखान्यांतही विचारून झालं. ते म्हणाले, दिसायला तसा करून देऊ, आवाजाची हमी नाही.

"मग चांगला कसा ओळखायचा?" मी सहज विचारलं. आरोपीला त्याच्या आवडीचं बोलू द्यावं, ही माझी जुनी पद्धत. खोटं बोलणारा तिथे सैल सुटतो.

हा मात्र सैल न सुटता खुलला. "साहेब, आधी आत बघायचं. एका खोडातून कोरलेला असेल तर आत कोरल्याच्या खुणा दिसतात. फळ्या जोडलेल्या असतील तर सांधा दिसतो. मग काठावरून तळवा फिरवायचा. काठ नीट घासून गोल केलेला नसेल तर वाजवणाऱ्याचे हात फुटतात. कातड्यावर शेळीच्या कण्याची रेघ असते, ती बरोबर मधून गेलेली हवी. आणि पुण्यातला तो आफ्रिकन मुलगा म्हणाला होता, दुकानात मिळतो तो भिंतीला टांगायचा. वाजवायचा हवा तर करणाऱ्याच्या दारात जावं लागतं. मी घानाला कुठून जाणार? म्हणून सुभेदारांच्या दारात गेलो."

"आणि त्यांनी नाही म्हटल्यावर?"

"चौथ्यांदा जाणार होतो."

इन्स्पेक्टर साहेबांचं मत स्पष्ट होतं. एवढी हाव असलेला माणूस सुटा ठेवू नका. मला हाव दिसत होती, चोरी दिसत नव्हती. पण ठाण्यात माझ्या दिसण्या-न दिसण्याला कोण विचारतो? मास्तरला अटक झाली, तो जामिनावर सुटला, आणि दोन्ही ढोल पंचनामा करून मुद्देमालाच्या खोलीत ठेवले. गावात बोभाटा झालाच. शाळेच्या संस्थेने मास्तरला बजावलं, की दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडेपर्यंत नाव साफ झालं नाही तर राजीनामा द्यायचा. चोरीच्या संशयावरून काढलेला गाण्याचा मास्तर पुन्हा कुठली शाळा ठेवून घेणार होती? त्याचं सगळं आयुष्य त्या एका ढोलावर अडलं होतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजा असते. रायफली पुसून ओळीने मांडल्या होत्या, बेड्यांनाही हळदकुंकू लावलं होतं. हवालदाराने उत्साहात टाइपरायटरला झेंडूचा हार घातला होता. आरती आटोपली आणि दारात मास्तर उभा. हातात फुलं आणि कुंकवाची डबी.

"साहेब, माझी दोन वाद्यं आपल्याकडे आहेत. आज बिनपूजेची ठेवता येत नाहीत."

"अहो, ती खेळणी ना?" हवालदाराने चेष्टा केली.

"वाईट असली तरी वाद्यंच आहेत."

मी खोली उघडून दिली. त्याने दोन्ही ढोल पुसले, कुंकू लावलं, फूल वाहिलं, नमस्कार केला आणि आभार मानून निघून गेला. मला त्याचं वाईट वाटलं, हे लपवत नाही. पण वाईट वाटता वाटताच डोक्यात प्रकाश पडला. फसवून गळ्यात मारलेल्या ढोलालाही जो माणूस नवमीला उपाशी ठेवत नाही, तो खरा ढोल कुठे अंधारात ठेवून इथे आला नसता. आणि खरा ढोल ज्याच्याकडे आहे तोही वाजवणाराच असेल, तर आज त्याचीही तीच गत असणार.

"टोपी काढ, साधे कपडे घाल," मी हवालदाराला म्हणालो. "सुभेदारांच्या गावात पानसुपारीला जाऊ."

नवमीला कुणाचंही दार बंद नसतं. गावात घरोघर नांगर, खुरपी, विळे मांडले होते. लेझमीच्या ताफ्यात कोण कोण वाजवतं ते चौकशीत कळलं, तसे आम्ही एकेका घरी बसून उठत होतो. हलगी दिसली, ताशा दिसला. शेवटचं घर होतं सुभेदारांच्या धाकट्या भावाचं. वाटणीनंतर दोन्ही घरांत एक भिंत उभी राहिली होती. देवापुढे कुळवाची फास, कोयता, आणि मधोमध तो ढोल. वर हळद, कुंकू, झेंडू. काठाला वैरणीची काडी अडकलेली होती.

धाकटा पन्नाशीचा, हात रापलेले. त्याने आम्हाला बघितलं आणि ओळखलं.

"बसा साहेब. निवद दावू द्या, मग न्या."

"कडब्यात ठेवला होता?"

"व्हय. पर आज कसा ठेवायचा?"

"चोरी कशापायी केली?"

तो पहिल्यांदा चिडला. "चोरी? दादानं ढोल घरात आनून ठिवला आन् परत फौजत गेला. धा-बारा वरसं मी वाजवला. जत्रंत, लेझमीला. कातडं फाटलं तवा मी चढवलं. शेतीबी मीच बघितली. दादा पेन्शनीत आला आन् एका सकाळी उचलून न्येला. कशाला, तर पावन्यांना दावायला. वाजवत न्हाई, वाजवू देत न्हाई. गप पडून राहिला की कातडं मरतं, साहेब."

पंचनामा करून ढोल ताब्यात घेतला. सुभेदार ठाण्यात आले तेव्हा त्यांची पाठ प्रथमच जरा वाकलेली दिसली. "घरातलं हाय साहेब. मिटवा."

मला राग आला. परक्याचं नाव घेताना यांची जीभ अडखळली नव्हती. "तुमचं घरातलं मिटेल, पण मास्तरचं काय? त्याचं नाव तुम्ही चारचौघांत घेतलंत. चारचौघांतच परत द्या." माणूस फौजेतला होता, एवढं मात्र खरं. शाळा उघडली त्या दिवशी पदकं लावलेला कोट घालून ते संस्थेपुढे उभे राहिले आणि आपली चूक झाली असं स्पष्ट बोलले. मास्तरची नोकरी वाचली.

पुढे कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. मुद्देमाल परत द्यायला मी तिघांनाही एकाच दिवशी बोलावलं. मास्तर आपले दोन ढोल न्यायला आला होता. सुभेदारांनी आपला ढोल उचलून त्याच्यापुढे ठेवला. "मास्तर, हा तुमीच न्या. पैसा नको."

मास्तरने आत डोकावून बघितलं. काठावरून तळवा फिरवला. एक थाप दिली आणि आवाज विरेपर्यंत थांबला. इतक्या वर्षांत शोधलेली वस्तू त्याच्या हाताखाली होती, तीही फुकट. त्याचा चेहरा बघून मीही मनात म्हटलं, घे लेका. मग त्याने भिंतीला टेकून उभ्या असलेल्या धाकट्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला.

"आधी यांना विचारा, सुभेदार."

सुभेदार भावाकडे वळले. "काय रं? देऊ का?"

धाकट्याने मान हलवली. "न्हाई."

"मग ठेव तुज्याकडंच," सुभेदार म्हणाले.

मास्तरने आपले दोन्ही वाईट ढोल सायकलला बांधले आणि हसून निरोप घेतला. खरा ढोल धाकट्याच्या घरी गेला.

खात्यात नव्याने आलेल्या पोरांना मी पुढे या प्रकरणातून एकच गोष्ट सांगत असे. ज्याला वस्तू हवी असते तो दारात येऊन भाव विचारतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. ज्याला ती आपलीच वाटते, तो विचारत नाही, उचलतो. सुभेदारांनी कपाटावर ठेवायला ढोल उचलला तेव्हा त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं, आणि त्याची फिर्याद कुठल्याच ठाण्यात झाली नव्हती. तिघांच्या सह्या घेऊन मी रजिस्टर मिटत होतो, तेव्हा धाकटा ढोल खांद्यावर घेऊन दारात थांबला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "आजवर मला कुनी इचारलंच न्हवतं."