चार खाटांची चार तसराळी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकणारच, त्याबद्दल माफी असावी. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण एक काम माझ्या हातून चांगलं झालं, ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटतं.

रत्नागिरीच्या एका दवाखान्यात मी आया होते. अत्यवस्थ माणसांची चार खाटांची खोली माझ्याकडे होती. सकाळी एका तसराळ्यात गरम पाणी आणि एक फडकं घ्यायचं, पहिल्या खाटेपासून चौथीपर्यंत सगळ्यांची अंगं पुसायची. थोरल्या आयाबाईंनी तसंच शिकवलं होतं. पाणी खालून जिना चढून आणावं लागे, म्हणून मध्ये बदलत नसू.

एक शेतकरी आला, फुरसं चावलेला. त्याचं विष उतरलं. पेज मागू लागला, बायकोशी भातपेरणीचं बोलू लागला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पू झालेली जखम होती. शेतकऱ्याला एकाएकी थंडी वाजून ताप भरला आणि दोन दिवसांत तो गेला.

"सापाने नाही मारला," डॉक्टर सिस्टरना म्हणाले, "इथला जंतू लागला त्याला."

मी तिथेच तसराळं धरून उभी होते. घरी मासे साफ केलेला हात मी पिण्याच्या हंड्यात कधी बुडवला नव्हता. आणि इथे ती जखम पुसलेलं फडकं मी त्याच्या सलाइनच्या सुईशी फिरवलं होतं.

त्याच आठवड्यात तिसऱ्या खाटेवर झटके येणारी बाळंतीण आली. बाळ घरी. तिच्या आईने माझा हात धरला, "बाय, लेक परत येईल ना माझी?"

मी तडक सिस्टरना गाठलं. एकच फडकं चौघांना फिरतं ते सांगितलं, दर खाटेला वेगळं तसराळं हवं म्हटलं. त्या म्हणाल्या, "ऑफिसात मागते, पण वेळ लागेल."

"मला साठ रुपये उसने द्या. चूक माझ्या हातची आहे."

चार तसराळी आणली. जुनी साडी फाडून, उकळून फडकी केली, प्रत्येक खाटेच्या फडक्यांना वेगळ्या रंगाचा टाका घातला. दर खाटेनंतर कोपरापर्यंत साबण.

थोरल्या आयाबाई म्हणाल्या, "काय गो, चार नवरे केलेस काय? चौघांची भांडी वेगळी!"

मी कधी उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलले, "होय, आणि चौघेही जगायला हवेत."

बाळंतीण आपल्या पायांनी जिना उतरली. आईने माझ्या ओंजळीत सुपाऱ्या ठेवल्या. त्यानंतर त्या खोलीत कुणी गेलंच नाही असं नाही. पण बरं होता होता तापाने जाणं फार कमी झालं, हे डॉक्टरही म्हणाले. पावसाळ्यात आयाबाईंनी स्वतःच विचारलं, "हिरवा टाका कितव्या खाटेचा गो?"

दर पगाराला मी पाच रुपये देत होते. शेवटच्या वेळी सिस्टर म्हणाल्या, "राहू दे गं, भांडी दवाखान्यातच आहेत ना?"

"भांडी माझी आहेत," मी म्हटलं, आणि नोट त्यांच्या टेबलावर ठेवली. साठच्या साठ रुपये फिटले.