शेजारच्या बाईंनी गोळ्या बंद केल्या तेव्हा

आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे ज्यू. नोकरीसाठी अमेरिकेत रेडमंडला आलो आणि शेजार मिळाला तो सत्तरी ओलांडलेल्या एका ख्रिस्ती बाईंचा. एकट्याच राहायच्या. देवाबद्दल अशा बोलायच्या, जणू तो पलीकडच्या गल्लीत राहतो.

एका बुधवारी सकाळी कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला ठेवताना त्या सहज म्हणाल्या, "ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्यात मी. देवाचा आवाज आला."

मी "बरं" म्हणून घरात आले. पण दिवसभर एकाही मीटिंगमध्ये लक्ष लागेना. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, त्यांचा धर्म, त्यांचं शरीर. आपण कशाला मध्ये पडायचं?"

आमच्या रोजच्या प्रार्थनेचा पहिला शब्दच 'ऐक' असा आहे. सिनाय पर्वतापाशी आपल्या सगळ्या पूर्वजांनी देवाचा आवाज ऐकला, असं मी मुलीला शिकवते. मग या बाईंना कुठल्या तोंडाने सांगू, की तुम्हाला भास झाला?

शुक्रवारी सिनेगॉगमधून निघताना आमच्या रबाय, म्हणजे धर्मगुरू, बाईंना गाठलं. त्या कोटाची बटणं लावत म्हणाल्या, "आवाज खरा की खोटा, ते मला नाही सांगता येणार. पण आपल्याकडे देवाशीसुद्धा वाद घालतात. नेमकं काय ऐकलं, ते तरी विचार."

दुसऱ्या दिवशी शेजारी गेले. बाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. चेहरा लालबुंद.

"नेमके शब्द काय होते?" मी बसायच्या आधीच विचारलं.

त्यांनी बराच वेळ आठवलं. "घाबरू नकोस. एवढंच."

"आणि गोळ्यांचं?"

"ते मी समजून घेतलं. गोळी घेणं म्हणजे घाबरणंच ना?"

"गोळ्यांचा काही त्रास होत होता का?"

त्या खुर्चीत टेकल्या. मग म्हणाल्या, "चक्कर यायची. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडले. मुलाला नाही सांगितलं. तो मला लगेच वृद्धाश्रमात नेऊन ठेवेल."

"मग 'घाबरू नकोस' हे मुलाला सांगण्याबद्दलच म्हटलं नसेल कशावरून?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला अजून कळत नाही. मी कोण त्या शब्दांचा अर्थ लावणारी? पण त्यांनी तिथेच मुलाला फोन केला, आणि तासाभरात मी त्यांना तातडीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिडले, पण गोळ्या बदलून दिल्या.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "तुझ्याशी बोललाय तो कधी?"

"नाही. मला तुमचा हेवा वाटतो."

"नको वाटून घेऊस. त्यानंतर पुन्हा काही नाही. रोज पहाटे उठून कान लावून बसते. आणि आज तू विचारल्यापासून तर मलाच कळेनासं झालंय, की काय ऐकलं होतं."

नव्या गोळ्या त्यांना मानवल्या. मुलाने त्यांना कुठेही हलवलं नाही, फक्त बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून दिले. त्या अजून दर रविवारी चर्चला जातात. आवाजाबद्दल मात्र माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. नवरा म्हणतो, मी त्यांचा जीव वाचवला. वाचवला असेल. पण समोरून त्या हात हलवतात, तेव्हा त्यांच्या घरातलं काहीतरी मोडून आल्यासारखं मला वाटत राहतं.